आटत्या पाण्यावर गळ

मंडळी, होळी झाली, मोहर गळून कैऱ्या दिसायला लागल्या आणि तुमचे नेहमीचे प्रश्नही सुरू झाले. "थंडीत बरे लागत होते, आता चार-चार तास बसलो तरी बूच हलत नाही." किंवा "उजनीचं पाणी उतरलंय, पळसदेवचं जुनं देऊळ वर आलंय, आता मासे कुठे गेले असतील?" सगळ्यांना मिळून आज उत्तर देतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, नदी आणि तलावाचं गणित फारसं बदलत नाही. समुद्राचं बदलतं, त्याकडे नंतर येतो.

चैत्र-वैशाखात पाणी दोन गोष्टी करतं. उतरतं आणि तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावत असेल, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शेवाळ माजलेल्या तळ्यात हा आकडा रात्रभर आणखी उतरत जातो आणि पहाटे सर्वांत खाली येतो. म्हणून हिरव्या पाण्याच्या तळ्यावर भल्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले, तर "वा, मासे वर आलेत" म्हणून गळ टाकू नका. ते खायला आलेले नाहीत, त्यांना श्वास घ्यायची मारामार आहे. ऊन पडू द्या, तास-दीड तास थांबा, मग बसा.

मोठ्या धरणावर मात्र पहाटच चांगली. दुपारी वारा सुटला की एका काठाला लाटा आपटायला लागतात. आपण सगळे स्वभावाने पाठीवर वारा घेऊन बसतो, कारण तंगूस लांब जातो आणि डोळ्यांत काही जात नाही. पण लाट आपटते त्या काठाला प्राणवायूही असतो आणि वाहून आलेलं खाणंही. वारा तोंडावर घ्या. गुंता होईल, टोपी उडेल, पण रोहू-मृगळ तिकडेच असतात. पाणी खूपच उतरलं असेल तर नदीचा जुना पट्टा शोधा. धरण भरण्याआधी नदी जिथून वाहत होती तो खोलगट भाग. गावातली म्हातारी माणसं तो बोट दाखवून सांगतात.

मरळीला या सगळ्याची फिकीर नाही. ती वर येऊन हवा गिळते, त्यामुळे इतर मासे सुस्तावले तरी ती पाणवनस्पतींच्या कडेला टपून असते. भर चैत्रात घरी काहीतरी न्यायचंच असेल तर मरळ किंवा चिलापी. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या तळ्यांत भरमसाट झालेली. ती हवी तेवढी घ्या, मी मोजणार नाही. फक्त मरळीजवळ लालसर पिल्लांचा घोळका तरंगताना दिसला तर तिच्यावर गळ टाकू नका. आई-बाप त्यांच्या खालीच राखणीला असतात. ते उचलले की तासाभरात बाकीचे मासे पिल्लं संपवतात.

आता डोहांचं. हे जरा लांबेल, पण माझ्या मनावर त्याचं ओझं आहे.

मी सतरा-अठरा वर्षांचा असताना आमच्या गावाखालची नदी एप्रिलमध्ये तुटायची. धार बंद, मधे मधे डोह. पाण्यातले सगळे मासे त्या चार-पाच डोहांत गोळा व्हायचे. एका संध्याकाळी करंजाच्या सावलीतल्या डोहावर मी कणकेच्या गोळ्यावर तासाभरात अकरा मासे काढले. घरी आणले, काकूने कापले, तर निम्म्यांच्या पोटात गाभोळी. आजीने ती तव्यावर परतली. काय चव होती म्हणून सांगू! कुणाच्याही डोक्यात आलं नाही की रोहू-कटला-मृगळ आषाढातल्या पुरात अंडी घालतात, आणि चैत्र-वैशाखात ती अंडी पोटात भरत असतात. एका बऱ्यापैकी रोहूच्या पोटात लाख-दोन लाख.

पण ती चूक तरी लहान होती. मोठी चूक पुढे केली. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी तो डोह सगळ्यांना सांगितला. कुठल्या वळणावर, कुठल्या झाडाखाली, सगळं. आठवड्याने सकाळी गेलो तर पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती, बोटाएवढ्या पिल्लांसकट. कुणीतरी रात्री ब्लीचिंग पावडर टाकली होती. मोठे मासे पोत्यात भरून नेले होते, बारके तसेच सोडले होते. वांब, खेकडे, झिंगे, काही शिल्लक नव्हतं. काका काठावर उभे राहिले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता घरी गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारायला आपल्याकडे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. पण आटलेला डोह रात्री राखणार कोण? म्हणून एवढंच मागतो. मासा मिळाला की फोटो काढा, हौसेने गटावर टाका, पण मागचं झाड, पूल, देऊळ दिसू देऊ नका आणि ठिकाण लिहू नका. माझ्या वेळी बातमी टपरीवरून आठवड्यात पोचली. तुमची रात्रीच पोचेल.

महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. देवाचे मासे म्हणून तिथले महसीर कुणी धरत नाही, लोक त्यांना खाऊ घालतात. भर उन्हाळ्यात जाऊन बघा, मुलांना घेऊन जा. गळ मात्र घरी ठेवून. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात याच माशाची पिल्लं गेली पन्नास वर्षं वाढवली जातात. इतर ठिकाणी परवानगी काढून महसीर धरलात आणि सोडणार असाल, तर उन्हाळ्यात त्याला दमवू नका. जाड तंगूस वापरा, लवकर आणा, हात ओले करा, पाण्यातच गरी सोडवा. दहा मिनिटं खेळवून कोमट पाण्यात सोडलेला मासा पोहत गेला तरी जगेलच असं नाही. आणि हो, बहुतेक धरणांवर मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा.

आता किनारा. कोकणात आणि गोव्यात हे दिवस खाडीचे. नदीचं गोडं पाणी कमी झालं की खारं पाणी खाडीत खूप आतवर शिरतं आणि त्याबरोबर तांबोशी, काळुंदर, बोय आणि नशीब असेल तर जिताडा. गोव्यात त्याला चणक म्हणतात. गरवायला जिवंत कोळंबीसारखं दुसरं काही नाही. पहाटे मतलई वाऱ्याने पाणी आरशासारखं असतं. दुपारी खारा वारा उठला की गाशा गुंडाळा.

भरतीसाठी मोबाइल आहेच, पण मुंबई-कोकणातला जुना हिशेब पाठ असू द्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसातून दोनदा, थोडं मागेपुढे. चेन्नई-विशाखापट्टणमच्या मंडळींनी हा हिशेब वापरू नये, तिकडे जमत नाही. सुरत-भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक इतका मोठा आणि पाण्याला ओढ एवढी, की स्थानिक माणसाशिवाय चिखलात उतरूच नका. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. बोटीने जायचा बेत असेल तर तारखा बघून ठरवा.

खडकावर बसणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये कधी कधी वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं आणि तरी मोठी लाट येते. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळाने उठलेली ती लाट हजारो किलोमीटर चालून आलेली असते. केरळात तिला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तिचा इशारा देते. निघण्यापूर्वी तो बघा, आणि काळ्या ओल्या खडकावर उभं राहू नका. तो ओला आहे म्हणजे लाट तिथवर येऊन गेलीय. वळवाचे ढग गडगडले तर कार्बनची काठी आधी खाली ठेवा. तिच्यातून वीज वाहते.

माझं म्हणाल तर येत्या द्वादशीला खाडीवर आहे. भरती नऊला, म्हणजे साडेसहाला पुलाखाली पोचायचं. कुठल्या पुलाखाली ते विचारू नका.