वाढत्या अंगाची माया

रोहिण्या सरतात, मृग लागतो आणि गावोगावच्या शिंप्यांकडे गणवेशांची लगबग सुरू होते. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजायची असते (विदर्भात उन्हापायी थोडी उशिरा), आणि त्याआधी मुलांना दुकानात उभे करून खांद्यापासून घोट्यापर्यंत मापे घेतली जातात. शिंप्याला आपण पिढ्यान् पिढ्या एकच सांगत आलो आहोत: वाढत्या अंगाचे शिवा. मग तो शिवणीच्या आत बोट-दोन बोटे कापड राखून ठेवतो. त्या राखलेल्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. आपल्या भाषेला हा शब्द तिथे सुचावा, यातच मुलांच्या वाढीकडे पाहण्याची आपली सारी रीत आली.

अलीकडे मात्र ही माया वेगळ्याच जागी उसवावी लागते. विजारीची तळाची दुमड तशीच राहते आणि कमर दिवाळीआधीच आवळू लागते. आपल्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. ज्या समाजाने दुष्काळ पाहिले आणि कुपोषणाने हातची लेकरे गमावली, त्याला गुटगुटीत मूल पाहून समाधान वाटणारच. ‘बाळसं धरलंय’, ‘अंग भरलंय’ या शब्दांमागे एकेका घराचा सुटकेचा निःश्वास आहे. तो खोटा नव्हता. पण अंग कशाने भरले, हाडामांसाने की चरबीने, हे वजनकाटा सांगत नाही.

मुलाला आपण काळजाचा तुकडा म्हणतो. काळीज या शब्दात आपण हृदय पाहतो, तरी त्याचा मूळचा अर्थ यकृत असाही आहे, आणि आजची काळजी नेमकी त्याच अवयवाची आहे. गरजेपेक्षा जास्त आलेली साखर, विशेषतः थंड पेयांतून आणि पाकिटातल्या फळरसांतून येणारे फ्रुक्टोज, मुख्यतः यकृतातच पोचते आणि तिथे त्याची चरबी बनते. यकृताच्या 5 टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ते दुखत नाही, ताप आणत नाही, शाळा बुडवायला लावत नाही. काही मुलांत मात्र पुढे सूज येते, व्रण पडतात आणि ऐन तारुण्यात यकृत कठीण होऊ लागते. बाहेर दिसलीच तर एखादी खूण दिसते: मानेवर काळपट, जाडसर पट्टा. कितीतरी आया तो मळ समजून उटणे लावून घासतात. तो मळ नसतो, इन्सुलिनचे काम बिघडत चालल्याचा निरोप असतो, आणि तो डॉक्टरांपर्यंत पोचायला हवा.

याचा अर्थ सडपातळ मुलांच्या घरांनी निश्चिंत राहावे असाही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून जवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. तुलनेला घेतलेली इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे सरासरी 3.5 किलोची, आपली 2.7 किलोची, पण स्नायू कमी असूनही अंगातली चरबी त्यामानाने टिकून होती. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. वजन-उंचीचे गुणोत्तर दोघांचे तंतोतंत 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्या मातीतल्या देहाविषयी इतके बोलके छायाचित्र क्वचितच निघाले असेल. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी 2022 साली देशभरातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा लठ्ठ मुलांत दर 100 पैकी सुमारे 63 जणांना फॅटी लिव्हरचा विकार आढळला, आणि लठ्ठ नसलेल्यांतही दर 8 मुलांमागे 1. शिंप्याच्या टेपनेच करता येण्याजोगी एक सोपी पारख आहे: पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

दिलासा असा की यकृतासारखा क्षमाशील अवयव शरीरात दुसरा नाही. अमेरिकेत हा विकार असलेल्या 11 ते 16 वर्षांच्या मुलग्यांवर एक प्रयोग झाला, तो 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात जेवणातली वरून घातलेली साखर जवळपास काढून टाकली, आणि 8 आठवड्यांत त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आली. नेहमीचे खाणाऱ्यांची जेमतेम 21 वरून 20 झाली. या प्रयोगात आपल्याला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट आकड्यांत नाही. त्या मुलाचे ताट वेगळे काढले नव्हते. सगळ्या घराचाच स्वयंपाक बदलला होता. जूनच्या मध्यापासून 8 आठवडे मोजले तर ते 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाआधीच पुरे होतात.

म्हणून नव्या वह्यांना कव्हरे घालण्याच्या या दिवसांत डब्याचाही विचार नव्याने व्हावा. बिस्किटांच्या पुड्याऐवजी भाजणीचे थालीपीठ, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे; बाटलीत रंगीत सरबताऐवजी पाणी. जाड मुलाला पंगतीत चिडवणे आणि त्याच्या ताटातली पोळी मोजणे हे मात्र घराने आजच थांबवावे. त्याने मूल लपून खायला शिकते, दुसरे काही होत नाही. आणि संध्याकाळ त्याला परत द्यावी. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज किमान 60 मिनिटे अंगमेहनतीचा खेळ हवा म्हणते. आपण ती 60 मिनिटे क्लासला, पडद्याला आणि मैदानांवर उभ्या केलेल्या गाड्यांना देऊन बसलो आहोत. ती परत मिळवण्याचे काम पालकांचे आहे, शाळेचे आहे, नगरपालिकेचेही आहे.

नव्या गणवेशावर पहिल्याच आठवड्यात चिखल उडाला, तर यंदा रागावू नये. दिवाळीच्या कपड्यांसाठी त्याच दुकानात पुन्हा जाऊ, तेव्हा शिंप्याला विजारीची तळाची दुमड आधी सोडावी लागो.