कापूस वेचणारे यंत्र : आशा आणि हिशेब

दिवाळीच्या सुमारास खामगाव, नांदुरा, मलकापूरच्या शिवारांत बोंडे फुटू लागली की, ‘वेचायला माणसे कोठून आणावयाची?’ हा प्रश्न प्रत्येक कास्तकाराच्या तोंडी येतो आणि त्यापाठोपाठ कापूस वेचणाऱ्या यंत्राची बोलणी सुरू होतात. असे यंत्र आमच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत खरोखर येईल, की ते मृगजळच ठरेल? याचा निवाडा भावनेने नव्हे, तर हिशेबाने झाला पाहिजे.

यंत्र अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. सूत कातताना आजी चाती ओली करीत असे, ही आठवण होऊन अमेरिकेतील जॉन रस्ट याला ओल्या, फिरत्या चात्यांवर कापूस गुंडाळून घेण्याची युक्ती १९२७ च्या सुमारास सुचली. १९३६ साली मिसिसिपी राज्यात त्याच्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तथापि त्या देशातील जवळजवळ सर्व कापूस यंत्राने वेचला जाण्यास १९६० चे दशक सरत यावे लागले. मधली तीस वर्षे कशात गेली? यंत्र सुधारण्यात गेलीच. परंतु झाड, शेत आणि जिनिंगचा कारखाना यंत्राजोगा करण्यातही गेली. सुटसुटीत झाड, एकदम फुटणारी बोंडे, पाने झडविणारी औषधे आणि जिनिंगमध्ये कचरा वेगळा काढण्याची सोय हे सर्व जुळले, तेव्हाच यंत्राचे चाक फिरले.

आमच्याकडे काय आहे? कोरडवाहू जमीन, चार-पाच एकरांचे तुकडे, पसरट वाढणारी पऱ्हाटी आणि टप्प्याटप्प्याने फुटणारी बोंडे. तीन-चार वेचण्या कराव्याच लागतात. परदेशी प्रचंड यंत्राची किंमत कोटींच्या घरात. ते या तुकड्यांत वळणार कोठे? हाती धरावयाची लहान यंत्रे बाजारात आहेत. पण तेथेही माणसाला बोंडामागून बोंड गाठावेच लागते, आणि कापसात पाचोळा मिसळला की बाजारात भाव पडतो. वाचविलेली मजुरी तेथेच निघून जाते.

म्हणून आमचे मत असे की, आधी पीक बदलले पाहिजे, मग यंत्र. जवळ जवळ ओळींत, आटोपशीर झाडांची सघन लागवड हा त्याचा आरंभ होय. केंद्र सरकारने २०२३ पासून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेमार्फत तिचा विशेष प्रकल्प हाती घेतला. त्यातून उभ्या राहणाऱ्या पिकासाठी मध्यम आकाराचे, भाड्याने फिरणारे यंत्र घडविणे असाध्य नाही. मात्र ते वर्षा-दोन वर्षांत दारी येईल, असे आश्वासन कोणी देऊ नये व कोणी मानू नये. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ते आमच्या जिल्ह्यातील कोरडवाहू शेतांत चालवून दाखवावे. एकरी भाडे किती, झाडावर कापूस किती राहिला, कचरा किती आला आणि बाजारात भाव काय मिळाला, हे चार आकडे जाहीर करावेत. त्यानंतरच अनुदानाची भाषा शोभेल.

एक हिशेब मात्र कागदावर सहसा मांडला जात नाही. वेचणी हे मुख्यतः स्त्रियांचे काम. कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकणाऱ्या, किलोवर मजुरी घेणाऱ्या भगिनींच्या घरची चूल याच चार महिन्यांवर अवलंबून असते. आपल्या यंत्राने मजूर देशोधडीला लागतील, ही चिंता खुद्द रस्ट बंधूंनाही लागली होती. त्यांची चिंता यंत्र थांबवू शकली नाही. आमची चिंता निदान वेळेवर जागी व्हावी. यंत्रे भाड्याने देणारी केंद्रे निघतील, तेव्हा ती या स्त्रियांच्याच बचतगटांकडे सोपवावीत आणि यंत्र चालविण्याचे शिक्षणही त्यांनाच आधी द्यावे.

१८७० साली खामगावच्या कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. त्याने माल दूर नेला. पण वेचणाऱ्या हातांचे कष्ट तसेच राहिले. ते कष्ट हलके करणारे यंत्र अवश्य यावे. परंतु शेतकऱ्याला कर्जात आणि मजूर स्त्रीला उपवासात लोटून नव्हे.