सणासुदीचा बार आणि आपले साहित्य

आषाढ संपत आला की आपल्याकडे एकाच दिवशी दोन तयाऱ्या चालतात. घरात समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातात, कणकेचे दिवे उकडले जातात. आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बारमध्ये दुपारपासूनच जादा टेबले लागतात. पंचांगातली दीप अमावास्या आणि बोलण्यातली गटारी ही एकाच तिथीची दोन नावे. पहिल्या नावावर मराठीत ललित लेखांची वाण नाही. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र चुटके आले, वर्तमानपत्रातले मथळे आले आणि 'गटारी'ला 'गतहारी'शी जोडून तिला सोवळे नेसवण्याचा खटाटोप आला. साहित्य आले नाही. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

वस्तुतः वस्तीतल्या बारला स्वतःचे पंचांग असते. गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून टेबले ओस पडतात. नेहमीची मंडळी श्रावण पाळतात. काही जण तो गणपती विसर्जनापर्यंत लांबवतात. अनंत चतुर्दशीला 'ड्राय डे' म्हणून शटर खाली. दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण लागते. तंदूरच्या भट्टीला, बर्फ फोडायच्या टोच्याला, हिशेबाच्या यंत्रालाही हळदकुंकू वाहिले जाते. नाताळात गल्ल्यावर कागदी चांदणी लटकते आणि 31 डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवण्याची सवलत मिळाली की नाही, याची चर्चा आठवडाभर आधी सुरू होते. चाळीतल्या सणांचे जेवढे बारकावे आपल्या लेखनात आले, त्यांच्या शतांशानेही हे आलेले नाही.

याचे एक कारण मला आपल्या कायद्याच्या भाषेत दिसते. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा राहिला, आणि पिणारा माणूस परवानाधारक अपवाद ठरला. एका दिवसाचा परवाना आजही अस्तित्वात आहे. देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. 'परमिट रूम' या नावातच एक ओशाळलेपण आहे. ग्राहक आत शिरताना डावीउजवीकडे पाहून घेतो, तसेच आपले साहित्यही या दारातून शिरताना पाहून घेते आणि हाताशी काहीतरी सबब ठेवते.

या सबबी दोनच आहेत. पहिली उपदेशाची. तिचा उगम आपण गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त मानतो. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला सुधाकराचा अधःपात आणि सिंधूचे सोसणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनावर कोरले गेले. पण वर्गात हे नाटक शिकवताना आपण तळीरामाच्या आर्यमदिरामंडळावरून भराभर पुढे जातो. ते प्रवेश म्हणजे शोकांतिकेला दिलेला केवळ विसावा नव्हेत. एकत्र बसून पिणाऱ्यांची तर्कटे, त्यांचे एकमेकांना सांभाळून घेणे, त्यांचा पोकळ थाट हे सारे गडकऱ्यांना नेमके ऐकू आले होते. प्रेक्षक तळीरामाला हसतो तेव्हा तो त्या मंडळात क्षणभर सामील होतो. म्हणून तर पुढचे सिंधूचे दुःख त्याला स्वतःचा अपराध वाटते. आपण उपदेश तेवढा उचलला, कान उचलला नाही.

दुसरी सबब बंडखोरीची. साठोत्तरी काळात मध्यमवर्गीय सोवळेपणाला धक्का देणे आवश्यक होते, आणि 'गोलपिठा'ने 1972 साली जी भाषा कवितेत आणली तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यानंतर लेखक मंडळींच्या आठवणींत गुत्ता हे प्रतिभेचे प्रमाणपत्र होऊन बसले. या आठवणींत कवी दिसतात, त्यांची भांडणे दिसतात. ग्लास आणून ठेवणारा पोऱ्या दिसत नाही. दिवाळीच्या रात्री कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसलेला, कविता न करणारा माणूसही दिसत नाही.

तो माणूस मी पाहिला आहे. 1983 च्या दिवाळीत मी दहा वर्षांचा होतो. आदल्या वर्षीच्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपाने आमच्या घरातला काकांचा पगार आणि अर्थातच बोनस संपवला होता. लक्ष्मीपूजनाची वेळ टळत आली तरी काका आले नाहीत, तेव्हा आईने मला कोपऱ्यावरच्या बारमध्ये पिटाळले. 'आत जाऊ नकोस, दारातूनच हाक मार,' असे बजावून. मी दारात पोचलो तर गल्ल्यावर तसबीर मांडलेली, नव्या वहीवर कुंकू आणि सारे ग्राहक उभे. मालक मंगळूरकडचे, वाढपी कुणी तुळू तर कुणी नेपाळी. मराठी आरती कुणालाच धड येत नव्हती. ती काका म्हणत होते, खड्या आवाजात, हातात ताम्हन घेऊन. दोन वर्षे घरात त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. आरती संपल्यावर मालकाने मला बत्तासे दिले आणि काकांना म्हणाले, 'आज इथे बसू नका, मुलगा आला आहे.'

घरी आल्यावर मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. आई काही बोलली नाही. तिने काकांच्या पानात वाढले आणि आत निघून गेली. ज्या माणसाला घरच्या देवापुढे उभे राहण्याची लाज वाटत होती, त्याला बारमधल्या देवापुढे आवाज फुटला, याचा आनंद मानावा की अपमान, हे तिला ठरवता आले नसावे. मलाही इतक्या वर्षांत ते ठरवता आलेले नाही. उपदेश आणि बंडखोरी या दोन्ही सबबींनी मी तो प्रसंग लिहून पाहिला. दोन्ही वेळा एकतर काका खोटे झाले, नाहीतर आई.

आणि वाढप्यांचे काय? आपला सण हा त्यांचा कामाचा दिवस. गटारीला आणि 31 डिसेंबरला पायाला उसंत नाही. टिप बरी मिळते इतकेच. त्यांच्या गावी सण असतो तेव्हा ते इथे असतात. परवा एका वाढप्याला मी विचारले, तुमचा सण कोणता? तो हसून म्हणाला, 'ड्राय डे.' त्या दिवशी ही मुले विसर्जनाला समुद्रावर जातात, कपडे धुतात, घरी फोन करतात. ज्या दिवसाला आपण कोरडा म्हणतो तोच कुणाच्या तरी वर्षातला ओला दिवस असावा, याहून मोठा विषय आपल्याला कुठला हवा आहे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. दारू ही काही गंमत नव्हे. 2015 साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ज्या स्त्रियांनी वस्तीतले दुकान बंद करण्यासाठी रांगेत उभे राहून 'आडव्या बाटली'ला मत दिले, त्यांना बारमधल्या आरतीचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे? मी म्हणतो, सांगू नये. कौतुक हवेच आहे कुणाला? पण ती बाई मतदानाला का उभी राहिली, हे समजण्यासाठी तिचा नवरा सणाच्या संध्याकाळी घर सोडून नेमके कशासाठी तिथे जातो हे कळले पाहिजे. केवळ नशेसाठी जातो हे उत्तर सोपे आहे आणि बहुधा अपुरे. तो तिथे जातो कारण तिथे त्याला कुणी 'बोनस किती?' असे विचारत नाही. त्याच्या या सुटकेची किंमत घरात कोण मोजते, हे त्याच पानावर यायला हवे.

आपल्या विद्यार्थ्यांना आपण 'अनुभवाशी प्रामाणिक राहा' असे सांगतो आणि सणावर लिहायला सांगितले की त्यांच्याकडून तेच पणत्यांचे, फराळाचे निबंध स्वीकारतो. त्यांच्यातल्या काही जणांना लहानपणी कुणाला तरी बोलवायला त्या दारात पाठवलेले असते. त्यांनी तिथे काय पाहिले, हे आपण कधी विचारलेले नाही. यंदाच्या दिवाळीनंतर मी माझ्या वर्गात विचारणार आहे.