वाटप झाले, ऐकू आले काय?

एखाद्या तालुक्याच्या गावी श्रवणयंत्रांच्या वाटपाचे शिबिर भरते. व्यासपीठावर पाहुणे, पुढे हारतुरे. लाभार्थी एकेक करून पुढे येतो, त्याच्या कानामागे यंत्र बसवले जाते. "आजोबा, ऐकू येते का?" असे कोणी मोठ्याने विचारतो. आजोबा मान डोलावतात, छायाचित्र निघते आणि अहवालातील आकडा एकाने वाढतो. काही महिन्यांनी तेच यंत्र फडताळातल्या डब्यात पडलेले आढळते. मग निष्कर्ष काढला जातो की, 'या लोकांना वापरताच येत नाही.' दोष घेणाऱ्याच्या माथी मारण्याची ही रीत एकदा तपासून पाहिली पाहिजे.

प्रश्न लहान नाही. २०११ च्या जनगणनेत ५० लाखांहून अधिक भारतीयांची श्रवणदोष असलेले म्हणून नोंद झाली. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य घालवलेले भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे कामगार या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत झाला होता, तो उगीच नव्हे. गरजूंना साहाय्यक साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालत आली आहे. म्हणजे जनतेचा पैसा खर्च होतो. तो योग्य रीतीने कानापर्यंत पोहोचतो काय, एवढाच प्रश्न आहे.

श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे आणि केवळ आवाज मोठा करणारा भोंगाही नव्हे. कोणत्या स्वराला किती बळ द्यायचे हे कानाच्या तपासणीवरून ठरवावे लागते. आधुनिक यंत्रांत हे काम संगणक करतो. पण तो जो पहिला हिशोब मांडतो, तो सरासरी प्रौढ कानाच्या गृहीतावर. प्रत्यक्षात कोणाची कर्णनलिका रुंद असते, कोणाची अरुंद. कानातला साचा कोणाला घट्ट बसतो, कोणाला सैल. लहान मुलाच्या इवल्या नलिकेत तोच आवाज अधिक तीव्र होतो. ब्रिटनमधील दोन संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पहिल्या जुळणीपैकी ६४ टक्के जुळण्या एका किंवा अधिक स्वरांवर अपेक्षित मर्यादेपासून १० डेसिबलहून अधिक ढळलेल्या आढळल्या. मोजून दुरुस्ती केल्यावर बहुतेक जुळण्या मर्यादेत आल्या.

या चुकीचा अर्थ बाजारात कळतो. 'स'सारखे उंच स्वराचे, क्षीण व्यंजन निसटले की 'साठ' रुपयांचे 'आठ' होतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. आणि चारचौघांत हसे होऊ नये म्हणून माणूस गप्प बसू लागतो.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. एक बारीक, मऊ नळी कानाच्या पडद्यापासून काही मिलिमीटरपर्यंत सरकवायची, वर यंत्र बसवायचे आणि समोरून बोलण्याचा आवाज सोडायचा: हळू, नेहमीचा आणि मोठा. यंत्रातून आलेले बोलणे पडद्याजवळ किती तीव्रतेने पोहोचते ते आलेखावर उमटते. त्याच आलेखावर त्या माणसाच्या श्रवणक्षमतेची रेषा असते. बोलण्याचा जो भाग रेषेच्या खाली राहिला तो त्याला ऐकू येत नाही. जो फार वर गेला तो असह्य होतो. ध्वनिमुद्रित आवाजाऐवजी घरच्या माणसाला बोलायला लावूनही ही तपासणी दाखवता येते. आपले बोलणे कोठे हरवते, हे सुनेला वा नातवाला डोळ्यांनी दिसते.

"विचारून घेतले की पुरे" असे काही जण म्हणतात. पण वर्षानुवर्षे अर्धवट ऐकणाऱ्याला योग्य आवाजही प्रथम कर्कश वाटतो आणि अपुराच सुखद वाटतो. दोन वर्षांच्या मुलाला तर सांगताच येत नाही. मोजमापाने सर्व काही साधते असेही नव्हे. सराव, बॅटरी, पुन्हा तपासणी ही हवीतच. परंतु मोजमापावाचून दोष यंत्राचा, जुळणीचा की सवयीचा, हे ठरणार कसे?

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. मोजणीचे उपकरण महाग आहे हे खरे. पण ते प्रत्येक कानासाठी वेगळे घ्यावे लागत नाही. एका जिल्हा रुग्णालयातले उपकरण हजारो कानांच्या उपयोगी पडते. प्रत्येक कानासाठी काही मिनिटे अधिक लागतील आणि एका दिवसातील वाटपाचा आकडा घटेल, हेही खरे. मात्र न वापरलेल्या शंभर यंत्रांपेक्षा वापरात असलेली साठ यंत्रे अधिक स्वस्त पडतात, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पैसेवाला खाजगी दवाखान्यात मोजून घेऊ शकतो. गरिबाच्या कानाला अंदाज पुरे, ही वाटणीच अन्यायाची आहे.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगांच्या बाबतीत उपकाराची भाषा सोडून हक्काची भाषा स्वीकारली. तिचा अर्थ शिबिरात उतरला पाहिजे. कार्यकर्त्यांनी शिबिराला जावे, खुर्च्या मांडाव्यात. पण तीन प्रश्नही विचारावेत. जुळणी कानात मोजली काय? मोजणीचा कागद लाभार्थ्याच्या हाती दिला काय? तीन महिन्यांनी पुन्हा कोण तपासणार? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अहवालातला आकडा हा वाटलेल्या यंत्रांचा आकडा आहे. ऐकू आलेल्या माणसांचा नव्हे.