इंग्रजी पेपर आणि आपली बातमी



‘इंग्रजी पेपर आपल्या काय कामाचा?’ हा प्रश्न गटांच्या बैठकीत नेहमी निघतो, आणि तो रास्त आहे. नांदगाव पेठेत मराठी पेपर चहाच्या टपरीवर हातोहात फिरतो. इंग्रजी मागवणारी घरे बोटांवर मोजावीत. पण अमरावतीचे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, नागपूर खंडपीठातले वकील, दिल्लीतले महिला आयोगाचे कार्यालय यांच्या टेबलावर सकाळी इंग्रजी पेपरही पडतो. आपल्याकडच्या बाईची हकिगत तिथे कोणत्या शब्दांत पोहोचते यावर पुष्कळदा तक्रारीचा वेग ठरतो. म्हणून हे पेपर आपण वाचले पाहिजेत, आणि शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

कारण सगळे इंग्रजी पेपर एका माळेचे मणी नाहीत. ‘हितवाद’ हे आपल्या जवळचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली नागपुरात सुरू केले. विदर्भातल्या तालुक्यांची नावे त्यात दिसतात, पण साहेबांचे दौरे आणि उद्घाटनेही तितकीच. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ चटपटीत, आखूड बातम्यांचा, रंगीत पुरवण्यांचा. ‘हिंदू’ संथ, कधी कधी कंटाळवाणा, पण एखाद्या प्रश्नाला पानभर जागा देणारा. ‘इंडियन एक्सप्रेस’ची ख्याती शोधपत्रकारितेची. कोणाचे इंग्रजी किती सफाईदार, यावर गुणवत्ता ठरवणारे पुष्कळ आहेत. त्या वादात आपण पडू नये. आपली कसोटी साधी असावी: पोलिसांच्या कागदापलीकडे वार्ताहर गेला का, बाईशी बोलला का, आणि पंधरा दिवसांनी परत आला का?

ही कसोटी नवी नाही. अम्मू जोसेफ आणि कल्पना शर्मा यांनी १९९४ साली ‘हूज न्यूज?’ हे पुस्तक काढले. पाच मोठी इंग्रजी दैनिके घेऊन हुंडाबळी, बलात्कार, शाहबानो प्रकरण, गर्भलिंगनिदान आणि देवराळ्याची सती या विषयांवर १९८० च्या दशकात काय छापून आले ते त्यांनी तपासले. गटांनी हे पुस्तक मिळवून वाचावे. एक गोष्ट मात्र आपल्या अनुभवाशीही जुळते. घटना घडली, मोर्चा निघाला, संसदेत गोंधळ झाला की पहिले पान मिळते. रोजचा छळ हा ‘बातमी’ ठरत नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली मथुरेवरची घटना १९७२ ची, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले ते १९७८ साली. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ च्या सप्टेंबरात खुले पत्र लिहिले, १९८० च्या ८ मार्चला बायका रस्त्यावर आल्या, आणि मग कुठे तो देशाचा प्रश्न झाला. देवराळ्याच्या वेळी तर गंमतच झाली. इंग्रजी संपादकीयांतून सतीचा निषेध होत होता, आणि एक्सप्रेसच्याच घरातल्या ‘जनसत्ता’ने हिंदीत तिची पाठराखण केली. मालक एक, वाचक वेगळा!

शोधपत्रकारितेचेही असेच दोन चेहरे आहेत. १९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’च्या वार्ताहराने बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी एक बाई विकत घेतली आणि ती हकिगत छापली. देश हादरला. ती बाई मात्र बातमीचा पुरावा झाली. विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ नाटक या घटनेवरून आले, आणि वार्ताहराच्या घरातली बायको तरी वेगळी कुठे, हा प्रश्न त्यांनी थेट दिवाणखान्यात आणून ठेवला. त्याच सुमारास मुंबईत शीला बारसे या पत्रकार तुरुंगात जाऊन पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीतली मारहाण सांगितली. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, पत्रालाच याचिका मानले गेले आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी आदेश आला: बायकांची कोठडी वेगळी, पहाऱ्यावर स्त्री पोलीस, चौकशी स्त्री पोलिसांसमोरच. आजही ठाण्यात आपण ज्या नियमाचा आधार घेतो, त्याचे मूळ त्या पंधरा जणींच्या बोलण्यात आहे.

आता खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या २९ सप्टेंबर २००६ ची. आई आणि मुलगी, दोन मुलगे. सुरुवातीच्या बातम्यांत ‘अनैतिक संबंधा’चा सूर होता, तो ठाण्यातून आला आणि पेपरांनी तसाच उतरवला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने गावात जाऊन लिहिलेला सविस्तर वृत्तांत छापला तो २९ ऑक्टोबरला, बरोबर महिन्याने. आखूड बातम्यांचा म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो त्याच पेपराने हे केले, हेही नोंदवले पाहिजे. पण नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीत दलित स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले नसते, तर बाकीचे पेपर तिथवर पोहोचले असते का?

‘हिंदू’त पी. साईनाथ यांनी वऱ्हाडातल्या आत्महत्यांवर वर्षानुवर्षे लिहिले. सातबारावर नाव नाही म्हणून शेतात राबणारी बाई शेतकरी गणली जात नाही आणि तिची आत्महत्या हिशेबात धरली जात नाही, हे त्यांनी इंग्रजी वाचकाला सांगितले. आपल्या कार्यकर्त्या ते आधीपासून सांगत होत्या, पण तहसील कार्यालयाला छापील इंग्रजी अधिक खरे वाटते, त्याला काय करणार! २००६ साली मुंबईच्या फॅशन वीकला पाचशेहून अधिक पत्रकार हजर होते, हेही साईनाथांनीच दाखवून दिले.

बातमी देताना एक धोका कायम लक्षात ठेवायचा. बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे १९८३ पासून गुन्हा आहे. मोठे पेपर नाव गाळतात, पण गाव, वय, जात, वडिलांचा धंदा सगळे छापतात. दिल्लीच्या वाचकाला त्यातून काही कळत नाही. चारशे उंबऱ्यांच्या गावात त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळते. तेव्हा वार्ताहराशी बोलण्याआधी कोणता तपशील द्यायचा नाही, हे त्या बाईला विचारून ठरवावे आणि वार्ताहराकडून तसे कबूल करून घ्यावे. तो कितीही नावाजलेल्या पेपराचा असला तरी.

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीलगत वस्त्रोद्योग पार्क उभा राहतो आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून त्याची पायाभरणी केली. इंग्रजी पेपरांच्या अर्थविषयक पानांवर गुंतवणुकीचे कोटी आणि रोजगाराचे आकडे येत राहतील. त्यातल्या बायका किती, रात्रपाळीला त्यांची ने-आण कोण करणार, पाळणाघर आहे का, छळाच्या तक्रारीची समिती नेमली का, हे त्या पानांवर कोण विचारते ते पाहायचे आहे. प्रत्येक गटाने पुढचे तीन महिने एक इंग्रजी आणि एक मराठी पेपर धरावा. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी गावातल्या कॉलेजच्या मुलीला सोबत बसवावे. कात्रणावर पेपराचे नाव, तारीख, पान आणि बातमीत कोण बोलले आहे एवढे लिहून पुढच्या अंकाआधी आमच्याकडे पाठवावे.