नावामुळेच का?

बाळकुम नाक्याच्या आसपास भाड्याचं घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. मेट्रोचं काम, धूळ, कापूरबावडीपर्यंत लागलेली गाड्यांची रांग, हे सगळं असूनही मला इथेच राहायचं होतं. ऑफिस जवळ, आणि अम्मी-अब्बा कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीत. पहिल्या एजंटशी फोनवर सगळं ठरलं. भाडं, डिपॉझिट, कधी राहायला येणार, सगळं. शेवटी त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. "मालकांशी बोलून कळवतो सर." पुढे फोन नाही. असं तीनदा झालं. हा प्रसंग तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

चौथ्या ठिकाणी थेट मालक भेटले. घर दाखवलं, चहा दिला, आणि दोन दिवसांनी निरोप आला: घरच्यांनाच लागतंय, देता येत नाही. मी मनात म्हटलं, हे आणखी एक. पुढे योगायोगाने त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. तीन महिने मी त्या काकांना लिफ्टमध्ये ओळख दाखवली नाही. मग एकदा त्यांच्या दारात बाळाचे लंगोट वाळत घातलेले दिसले. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि जावयासकट त्याच घरात राहत होती. मला इतकी शरम वाटली की आजही त्यांच्याशी बोलताना वाटते.

पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात या चुकीचं नाव सापडतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये ते दिलं. मराठीत सांगायचं तर कारण लावण्यातली मूलभूत चूक. दुसरा कसा वागला याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, त्याच्या परिस्थितीत नाही. रिक्षावाल्याने भाडं नाकारलं तर तो माजलेला. त्याचा गॅस संपत आलाय हे आपल्या मनात येत नाही. स्वतःला मीटिंगला उशीर झाला की मात्र घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचं सविस्तर वर्णन तयार असतं.

आता इथे कुणीतरी लगेच म्हणेल, "बघा, म्हणजे भेदभाव तुमच्या डोक्यात आहे." थांबा. तसं अजिबात नाही.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखा, नाव वेगळं: उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लीम. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ए/बी टेस्ट म्हणतो. बाकी सगळं सारखं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची जेवढी शक्यता होती, त्या तुलनेत दलित नावाची साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लीम नावाची एक तृतीयांश निघाली. मुलाखत झाली नव्हती, चेहरा दिसला नव्हता, कुणी काही बोललंही नव्हतं. फक्त कागदावरचं नाव होतं.

म्हणजे भेदभाव आहे, आणि मोजून आहे. पण हा आकडा हजारो अर्जांबद्दल बोलतो. माझ्या एका अर्जाचं, माझ्या चौथ्या घराचं कारण तो सांगू शकत नाही. पहिल्या तीन एजंटांबद्दलही मला आजवर खात्रीने काही माहीत नाही. त्यातल्या एकाने "गेलं ते घर" म्हटल्यावर जाहिरात दोन महिने तशीच होती, एवढं मात्र मी बघून ठेवलं आहे.

आपल्यावरचं खरं ओझं मला वाटतं हे न कळणं आहे. जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये यावर एक प्रयोग केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दुसऱ्या खोलीतल्या गोऱ्या विद्यार्थ्याकडून बरा किंवा वाईट अभिप्राय मिळे. मधल्या खिडकीचा पडदा कधी उघडा, कधी बंद. पडदा उघडा असला, म्हणजे आपला रंग समोरच्याला दिसतोय हे माहीत असलं, की वाईट अभिप्राय फारसा लागत नसे. तो पूर्वग्रहाच्या खात्यात टाकता येई. पण उघड्या पडद्यामागून आलेली स्तुतीही अंगाला लागत नसे, उलट ती ऐकून स्वतःबद्दलचं मत खाली येई. खरंच चांगलं झालं म्हणून म्हणतोय, की माझ्याकडे बघून म्हणतोय?

हे वाचताना मला ऑफिसमधलं वाक्य आठवलं: "तुमचं मराठी किती छान आहे हो!" आमच्या घरात चार पिढ्या मराठी बोलतात. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी त्या दिवशी प्रेझेंटेशनचं कौतुक झालं, तेव्हा तेही मला त्याच जातीचं वाटलं.

माझा खालाचा मुलगा कौशात राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चांगले मार्क. सहा-सात अर्जांनंतर त्याने अर्ज करणं बंद केलं. "भाईजान, आपल्याला थोडंच घेणार आहेत?" त्याला मी दोष देणार नाही, थोरातांचा आकडा त्याच्या बाजूने आहे. पण अर्ज न करणाऱ्याची शक्यता एक तृतीयांशही नसते, ती शून्य असते.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा १९६७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही केलं तरी न थांबणारे विजेचे झटके ज्या कुत्र्यांना दिले होते, त्यांतली बरीचशी पुढे सहज ओलांडता येईल असा अडसर समोर असूनही पडून राहिली. याला 'शिकलेली असहायता' म्हटलं गेलं आणि आपल्यावर भाषण देणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द आवडतो. पण २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. त्रास लांबला की निपचित पडणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे की आपल्या करण्याने काही बदलतं. म्हणून "हिंमत कर" असं म्हणून त्या पोराला काही मिळत नाही. केल्याचा परिणाम त्याला कुठेतरी दिसायला हवा.

आणि घरांच्या बाबतीत तो प्रत्येकाने एकट्याने का शोधावा? २०१५ मध्ये थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचीही अशीच चाचणी छापली. तिथेही सर्वांत जास्त नकार मुस्लीम भाडेकरूंना मिळाले. तीच ठाण्यात आपण करू शकतो. दोन फोन, पगार तोच, कुटुंब तेवढंच, नाव वेगळं. कोण आधी फोन करतो ते दर वेळी बदलायचं, नाहीतर "आधी आला त्याला दिलं" हे उत्तर तयार असतं. माजिवड्यापासून कोलशेतपर्यंत जाहिराती रोज येतात. एजंटांची नावं जाहीर करायची गरज नाही, आकडे पुरेत. नगरसेवकासमोर किंवा सोसायट्यांच्या बैठकीत "आम्हाला असं वाटतं" म्हणून उभं राहणं वेगळं आणि तक्ता ठेवणं वेगळं. हे काम आपल्या चळवळीतल्या पोरांना दोन महिन्यांत जमेल. मी शीट बनवून देतो, त्यात काही विशेष नाही.

कौशातल्या पोरालाही मी तशीच शीट करून दिली. कंपनी, तारीख, उत्तर, कारण. आता चाळीसच्या वर अर्ज झालेत. दोन मुलाखती. एका ठिकाणी ऑटोकॅड कच्चं आहे असं सरळ सांगितलं, तेव्हा तो ठाण्यात क्लासला जायला लागला. बाकी बहुतेक ओळींत 'कारण'च्या रकान्यात सुरुवातीला तो "नाव" असं भरत असे. परवा बघितलं तर ते खोडून त्याने "माहीत नाही" लिहिलंय. दोन ओळींत मात्र "नाव"च ठेवलंय, आणि समोर त्या माणसाने फोनवर काय म्हटलं ते शब्दशः लिहून ठेवलंय.