वाऱ्यालाच परीक्षक करा

टेबल फॅनसमोर पवनचक्कीची प्रतिकृती मांडलेली असते. पंखा सुरू होतो, पाती फिरतात, एक एलईडी लुकलुकतो. विद्यार्थी पाठ केलेली माहिती सांगतो, परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रकल्प प्रदर्शनांत हे चित्र नेहमीचे आहे. राहून जातो तो नेमका कळीचा प्रश्न: वाऱ्याचा वेग किती होता आणि त्या वेगाला या पवनचक्कीने किती वॉट वीज दिली?

हा प्रश्न जिथे विचारला जातो, तिथे शिकण्याची तऱ्हाच बदलते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2014 मध्ये लास व्हेगासला महाविद्यालयीन संघांची पहिली पवनचक्की स्पर्धा भरवली. दहा संघ उतरले आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा संघ पहिला आला. या स्पर्धेत पवनचक्कीचा रोटर 45 सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या घनात मावावा लागतो. यंत्र वातबोगद्यात बसवले जाते आणि पुढचे काम वारा करतो. किती मंद वाऱ्यात पाती फिरू लागतात, वारा वाढत गेला की वीज कशी वाढते, ठरावीक वेगाच्या पुढे यंत्र स्वतःला आवरते की नाही, हे सगळे मोजले जाते. सर्वांत कडक कसोटी थांबण्याची. बटण दाबले किंवा विजेचा लोड तुटला, तर दहा सेकंदांच्या आत रोटरचा वेग कमाल वेगाच्या दहा टक्क्यांच्या खाली यावा लागतो. यंत्र थांबले नाही, तर सादरीकरण कितीही देखणे असले तरी ते गुण जातात.

अशी एक स्पर्धा मराठवाड्यात भरायला हवी, आणि तिची सुरुवात सेलूसारख्या तालुक्याच्या गावातून व्हायला हवी.

परभणी आणि जालना यांच्या मधले, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे हे कापसाचे गाव. इथला वारा सह्याद्रीच्या माथ्यावरच्यासारखा नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर मोठ्या पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, कारण तिथे पावसाळी वारा डोंगर चढून वेगाने येतो. सेलूचा परिसर सपाट. पण नेमक्या याच कारणाने तो विद्यार्थ्यांची खरी परीक्षा घेऊ शकतो. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. एक चौरस मीटर क्षेत्रातून सेकंदाला 10 मीटर वेगाने वारा वाहिला, तर त्यात सुमारे 550 वॉट शक्ती असते. वेग निम्मा झाला की उरतात जेमतेम 69 वॉट. त्यातलेही सगळे हाती येत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी 1920 मध्ये दाखवून दिले, की उघड्या वाऱ्यात फिरणारा रोटर जास्तीत जास्त 59.3 टक्के शक्ती काढून घेऊ शकतो. लहान यंत्रे याच्या निम्म्यावर आली तरी पुष्कळ. जोरदार वाऱ्यात कसेबसे केलेले यंत्रही फिरते. मंद वाऱ्यात पात्याचा पीळ, जनरेटरचे घर्षण, चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्यांमधले अंतर अशी प्रत्येक चूक आकड्यात उतरते.

उन्हाळाही परीक्षा घेतो. 42 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते, म्हणजे वाऱ्याचा वेग तोच राहिला तरी वीज तेवढी कमी. मेमध्ये वळवाच्या पावसाआधी वादळ सुटते, तेव्हा ब्रेक लागला नाही तर पाती तुटून उडतील. आणि पायाखाली आहे काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांबाला दिलेल्या ताणतारा अशा जमिनीत वर्षभर ताठ कशा ठेवायच्या, याचे उत्तर परदेशी पुस्तकात तयार मिळणार नाही. अमेरिकी स्पर्धेनेही पुढे आपल्या देशाची गरज ओळखून प्रश्न बदलला. समुद्रातल्या पवनचक्क्यांचा विचार सुरू झाला, तेव्हा विद्यार्थ्यांना पाण्याखालच्या वाळूत टिकणारा पाया तयार करायला सांगण्यात आले. मग मराठवाड्यातल्या स्पर्धेने काळ्या जमिनीतला पाया का मागू नये?

खेड्यातल्या शाळेतून पवनऊर्जा उभी राहते, याचा दाखला डेन्मार्कने दिला आहे. तिथल्या आस्कोव्ह या लहानशा गावातल्या लोकविद्यालयात पॉल ला कूर नावाचे शिक्षक होते. त्यांनी 1891 मध्ये वीज तयार करणारी प्रायोगिक पवनचक्की उभारली आणि पात्यांचे आकार तपासायला स्वतः वातबोगदा केला. 1904 पासून ते ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग घेऊ लागले. त्या पहिल्या वर्गात योहानेस यूल नावाचा 17 वर्षांचा मुलगा होता. याच यूल यांनी 1957 मध्ये गेडसर इथे 200 किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली, आणि पुढच्या डॅनिश यंत्रांचा साचा तिथून घडला. 1978 मध्ये त्विन्ड इथल्या शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी 50 मीटरहून उंच मनोऱ्याची पवनचक्की स्वतः बांधून सुरू केली. त्या काळी ती जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्क्यांपैकी होती. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. या प्रवासात सरकारी धोरण होते, पैसा होता, पण मोजमाप शिकवणारा एक गावचा वर्गही होता.

महाराष्ट्रालाही ही वाट परकी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे, आणि गावाची गरज भागवताना विज्ञान समजून घेणे, हा तिथल्या शिक्षणाचा पाया. विद्यापीठांमधली ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा, अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे ‘डिपेक्स’ प्रदर्शन यांनी हजारो मुलांना व्यासपीठ दिले, हे मोलाचे काम आहे. मात्र अशा ठिकाणी शंभर विषयांचे प्रकल्प एका छताखाली येतात. प्रत्येक यंत्राला सारख्या वाऱ्यात, सारख्या लोडवर चालवून पाहणे तिथे शक्य नसते. वाहनांच्या बाबतीत ती उणीव ‘बाहा’ स्पर्धेने भरून काढली. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या खडकाळ मार्गावर गाडी तासन्‌तास तग धरते की नाही, यावर निकाल लागतो. तिथून परतलेल्या मुलांना वेल्डिंग कुठे तुटते, हे कुणी सांगावे लागत नाही. वाऱ्यासाठी अशीच एक कसोटी हवी.

सेलूत किंवा परभणीत कोट्यवधींचा वातबोगदा नाही, ही अडचण खरी, पण तिच्यावर उपाय आहे. प्लायवूडची मोठी पेटी, कारखान्यांच्या शेडमध्ये लावतात तसे एक्झॉस्ट फॅन आणि हवेतला भोवरा मोडून ती सरळ करणारी जाळी, एवढ्यात लहान रोटरपुरता बोगदा होतो. त्याहून सोपी पद्धतही आहे. वारा पडलेल्या पहाटे पवनचक्की पिकअपवर घट्ट बसवायची आणि बंद आवारातल्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी 36 किलोमीटरने चालवायची. तोच सेकंदाला 10 मीटरचा वारा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आवार मोठे आहे आणि तिथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. चाचणीचे यजमानपद या विद्यापीठाने घ्यावे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने संघ पाठवावेत, आणि आयटीआय, तंत्रनिकेतनांच्या मुलांना बरोबरीचे स्थान मिळावे.

हे शेवटचे फार महत्त्वाचे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन ज्या दुकानात जातो, तिथल्या कारागिराला तांब्याची तार, वेटे आणि फेज यांचे जे भान असते, ते अभियांत्रिकीच्या पदवीधराकडे सहसा नसते. लहान पवनचक्कीचा जनरेटर म्हणजे चुंबकांची चकती आणि हाताने गुंडाळलेली वेटोळी. स्कॉटलंडच्या ह्यू पिगट यांनी लाकडी पाती आणि असा जनरेटर घरच्या घरी तयार करण्याची पद्धत लिहून काढली, आणि तिच्यावरून जगभर लोकांनी यंत्रे बांधली. प्रत्येक संघात एक वाइंडिंग कारागीर मार्गदर्शक म्हणून असावा आणि त्याला मानधन मिळावे, असा नियमच करावा. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांनाही काम आहे. अमेरिकेतल्या संघांना यंत्रासोबत एका खऱ्या जागेवर पवनऊर्जा प्रकल्पाची आखणीही करावी लागते: जागा कोणती, रस्ता कुठून, वीजवाहिनी किती दूर, खर्च किती. सेलूच्या संघाने त्यात जमिनीच्या भाडेकराराचा अभ्यास जोडावा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दारात कंपनीचा माणूस करार घेऊन येतो, तेव्हा तो वाचून समजावून सांगणारा गावचा मुलगा हवा.

सौरऊर्जा इतकी स्वस्त झाली असताना हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेच्या काळात सेलूच्या मंद वाऱ्यावर घरगुती पवनचक्की सौर पॅनेलशी किमतीत टक्कर देऊ शकणार नाही. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असताना आणि रात्री ती थोडा हातभार लावेल, एवढेच. पण या स्पर्धेतून विकायला यंत्रे मिळवायची नाहीत, माणसे तयार करायची आहेत. देशातली पवनऊर्जा क्षमता 50 हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे, महाराष्ट्राची पाच हजार मेगावॉटच्या पुढे. बीड, धाराशिवच्या माळांवर नवे मनोरे उभे राहिले आहेत. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांची पाती तपासावी लागतील, ब्रेक दुरुस्त करावे लागतील, वाऱ्याच्या नोंदी वाचाव्या लागतील. ही कामे बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांनी करायची आणि इथल्या तरुणाने फाटकावर राखण करायची, हे मराठवाड्याने का सोसावे?

पहिल्या वर्षाचा खर्च मोठा नाही. जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून तो भागू शकतो. नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक हवेत: मोजलेली वीज, मोजलेला वेग, थांबण्याची चाचणी आणि काळ्या जमिनीतला पाया. सादरीकरणाचे गुण त्यानंतर. विद्यापीठे निर्णय घेईपर्यंत सेलूच्या महाविद्यालयांनी थांबून राहण्याचेही कारण नाही. गच्चीवर खांब उभारून वारा मोजणारे उपकरण बसवावे, दुसरे निम्न दुधना धरणाच्या काठावर, जिथे पाण्याच्या मोकळ्या पृष्ठावर वाऱ्याला अडथळा कमी असतो. विद्यार्थ्यांनी तासातासाला नोंद घ्यावी. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे एक वर्ष भरले, की सेलूचा वारा किती आणि कसा याची खात्रीची आकडेवारी हाती येईल, आणि कोणत्या वेगाला किती वीज मागायची हा स्पर्धेचा पहिला नियम तिच्यावरूनच ठरवता येईल.